इंग्रजी वाङ्मयाचें संशोधन आणि महाराष्ट्र

१

अंबरनाथजवळ मोरिवली म्हणून एक जुनें खेडें आहे. त्याच्या शिवारांत औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि आतां मोरिवली हें नांव उच्चारलें कीं ऐकणाऱ्याच्या मनांत भातशेतीचें नव्हे, तर कारखान्यांचें चित्र उभें राहतें. अशा गांवांतली एखादी विद्यार्थिनी इंग्रजी विषय घेऊन एम. ए. होते, आणि पुढें पीएच्. डी. करण्याचा मनोदय घरांत बोलून दाखविते. घरची मंडळी सुशिक्षित असतात. त्यांचा विरोध नसतो. पण एक प्रश्न विचारल्यावांचून त्यांना राहवत नाहीं. रसायनशास्त्रांत नवें द्रव्य सांपडतें, इतिहासांत नवा कागद सांपडतो. पण शेक्सपीअरला जाऊन चारशें वर्षें झालीं, आणि त्याच्या देशांतल्या पंडितांनीं त्याच्यावर कपाटेंच्या कपाटें भरून ठेविलीं आहेत. मग मोरिवलीच्या माणसानें त्यांत नवें तें काय शोधावयाचें?

हा प्रश्न अडाणीपणाचा नाहीं. तो इतका योग्य आहे कीं, पदवीसाठीं नांव नोंदविलेल्या पुष्कळ उमेदवारांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांनाहि त्याचें उत्तर सहजासहजीं देतां यावयाचें नाहीं. प्रस्तुत लेखांत त्याचें उत्तर उपदेशानें देण्याऐवजीं इतिहासानें देण्याचा विचार आहे. इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास आपल्याकडे दीडशें वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या काळांत आपल्या इंग्रजी शिकलेल्या लोकांनीं खरें संशोधन कोठें केलें, कशाचें केलें, आणि पदवीचा त्याच्याशीं संबंध किती, हें पाहिलें म्हणजे वरील प्रश्नाचें उत्तर बरेंचसें आपोआप मिळतें.

पण त्याआधीं ‘संशोधन’ ह्या शब्दाचा अर्थ एकदां नीट पाहिला पाहिजे. आणि त्यासाठीं फार दूर जावयास नको. अंबरनाथलाच वालधुनीच्या कांठीं शिलाहारांच्या वेळचें शिवालय आहे. त्याच्या उत्तर दारावरील तुळईवर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. गेल्या शतकाच्या मागच्या शतकांत, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो लेख वाचून रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. त्यांनीं लेखांतील शक ७८२ असा वाचला. म्हणजे इसवी सन ८६०. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तोच लेख पुन्हां तपासला आणि पहिला अंक सातांचा नसून नवांचा आहे असें दाखविलें. शक ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. फरक एका अंकाचा. पण त्या अंकाबरोबर देऊळ दोनशें वर्षें अलीकडे आलें, आणि कोणत्या राजाचें, कोणत्या शिल्पपरंपरेचें, कोणत्या देवळांच्या बरोबरीचें, हा सगळा हिशेब नव्यानें मांडावा लागला.

ह्या लहानशा प्रकरणांत संशोधनाचीं तीन लक्षणें स्पष्ट दिसतात. पहिलें हें कीं, भगवानलालांना नवा दगड सांपडला नव्हता. दगड तोच होता, आठशें वर्षें सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. नवें होतें तें वाचन. दुसरें हें कीं, भगवानलाल हे भाऊ दाजींच्याच हाताखालीं तयार झालेले. गुरूचें वाचन शिष्यानें दुरुस्त केलें; त्यांत उद्धटपणा नव्हता कीं अपमान नव्हता, उलट गुरूनें शिकविलेली विद्या शिष्याच्या ठायीं फळास आली होती. आणि तिसरें हें कीं, भगवानलालांच्यापाशीं कोणत्याहि विद्यापीठाची परीक्षा देऊन मिळविलेली पदवी नव्हती. त्यांचे पुष्कळसे निबंध मूळ गुजराथींत लिहिले जात आणि इतर विद्वान् ते इंग्रजींत उतरवीत. लायडनच्या विद्यापीठानें त्यांना डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली ती काम झाल्यानंतर. पदवी कामाच्या मागून आली. आज बहुधा काम पदवीच्या मागून येईल अशी आशा आपण करीत असतों.

२

मुंबईचें विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. पहिले बी. ए. १८६२ सालीं बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतले. परंतु त्या वेळचें विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारी संस्था होती. शिकविण्याचें काम एल्फिन्स्टन, विल्सन, डेक्कन अशा कॉलेजांचें. विद्यापीठानें फक्त पुस्तकें नेमावयाचीं, प्रश्न काढावयाचे आणि पदव्या वांटावयाच्या. विद्यापीठांनीं स्वतः शिकवावें आणि संशोधनास उत्तेजन द्यावें ही कल्पना कायद्यांत आली ती १९०४ सालीं. आणि मुंबईंत ती प्रत्यक्षांत येऊं लागली ती १९१९ मध्यें, अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचें विद्यालय निघालें तेव्हां. म्हणजे पहिलीं साठ वर्षें संशोधनाला विद्यापीठांत जागाच नव्हती असें म्हणावयास हरकत नाहीं.

इंग्रजीचें अध्यापन मात्र उत्तम होतें. सर एडविन आर्नोल्ड, ज्यांनीं पुढें बुद्धचरित्रावर काव्य लिहून नांव मिळविलें, ते पुण्याच्या कॉलेजाचे तरुण प्राचार्य होते. कवि वर्डस्वर्थ यांचे नातू विल्यम वर्डस्वर्थ हे एल्फिन्स्टन कॉलेजाचे प्राचार्य होते. डेक्कन कॉलेजांत सेल्बी यांनीं शिकविलें. ह्या लोकांनीं आपल्या विद्यार्थ्यांना वाङ्मयाची खरी गोडी लाविली. ऑक्सफर्डला इंग्रजी वाङ्मयाची स्वतंत्र शाखा निघाली ती १८९४ मध्यें. तोंपर्यंत आपल्या इकडे इंग्रजी कवि आणि निबंधकार पदवीच्या परीक्षेला बसून दोन तपांहून अधिक काळ लोटला होता. ज्या देशाचें वाङ्मय त्या देशांत अजून लॅटिन-ग्रीकच्या सावलींत उभें होतें, तें येथें पाठ्यक्रमाच्या सिंहासनावर बसलेलें होतें. हें कां व कसें घडलें, राज्यकर्त्यांचा त्यांत काय हेतु होता, ह्याची चिकित्सा गौरी विश्वनाथन् यांनीं १९८९ च्या आपल्या ‘मास्क्स् ऑफ कॉन्क्वेस्ट’ ह्या ग्रंथांत केलेली आहे, आणि ती जिज्ञासूंनीं अवश्य पाहावी.

परंतु अध्यापन उत्तम असूनहि त्यांतून इंग्रजी वाङ्मयाचें संशोधन निघालें नाहीं. ह्याचें एक कारण उघड आहे : साधनें लंडनला. हस्तलिखितें, जुन्या छापील प्रती, पत्रव्यवहार हें सर्व समुद्रापलीकडे. दुसरें कारण कमी उघड पण अधिक महत्त्वाचें आहे. इंग्रजीच्या प्राध्यापकाची विद्वत्ता त्या काळांत एकाच रूपानें प्रगट होत असे. तें रूप म्हणजे टीपा. सेल्बी यांनीं बेकनच्या निबंधांची टीपांसह आवृत्ति काढली. इतरांनींहि अशा आवृत्त्या काढल्या. टीपा लिहिणें हें हलकें काम नव्हे. पण टीपा लिहिणाराचा पवित्रा असा असतो कीं, ग्रंथाचा अर्थ ठरलेला आहे, तो विद्यार्थ्यांपर्यंत पोंचविणें एवढेंच काय तें बाकी आहे. जेथें अर्थ ठरलेला असतो तेथें सातांचा अंक नवांचा होण्याची शक्यता नसते. परीक्षेनें ही वृत्ति पक्की केली. विद्यार्थी उत्तरें पाठ करूं लागले, आणि ज्यांनीं उत्तरें उत्तम पाठ केलीं ते पुढें प्राध्यापक झाले.

येथें एक चमत्कार असा दिसतो कीं, ह्याच कॉलेजांतून बाहेर पडलेल्या लोकांनीं संशोधन केलें, आणि तें उच्च प्रतीचें केलें. फक्त तें इंग्रजीचें केलें नाहीं. भांडारकरांनीं १८७७ सालीं विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्यानें दिलीं. त्यांत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या देशी भाषा यांचा विचार होता. १८८८ सालीं त्यांनीं संशोधनाच्या चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक पद्धतीवर व्याख्यान दिलें. त्यांचें सांगणें थोडक्यांत असें कीं, प्रमाण पाहिल्यावांचून विश्वास ठेवूं नये, एका वस्तूचें स्वरूप दुसरीशीं ताडून पाहावें, आणि प्रत्येक गोष्टीला काळ असतो हें विसरूं नये. ही पद्धति त्यांनीं युरोपीय विद्येपासून घेतली. वापरली मात्र घरच्या ग्रंथांवर. रानड्यांनीं १८९८ सालीं मराठी वाङ्मयाच्या वाढीवर टिपण लिहिलें तें इंग्रजींत, आणि मराठीला विद्यापीठांत स्थान मिळावें म्हणून आयुष्याच्या अखेरपर्यंत खटपट केली.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांचें उदाहरण ह्याहून बोलकें आहे. डेक्कन कॉलेजांत शिकून ते पदवीधर झाले, जॉन्सनच्या ‘रासेलस’चें वडिलांनीं आरंभिलेलें भाषांतर त्यांनीं पुरें केलें, १८७४ सालीं ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तिच्यांत जॉन्सनवर विस्तारानें लिहिलें. इंग्रजी निबंधाचा घाट त्यांनीं असा मुरविला कीं, मराठी गद्याची चालच बदलली. गोपाळ गणेश आगरकरांनीं ‘हॅम्लेट’वरून ‘विकारविलसित’ १८८३ सालीं प्रसिद्ध केलें. त्यापूर्वीं महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं ‘ऑथेल्लो’ १८६७ सालीं मराठींत आणला होता, आणि त्याच नाटकावरून देवलांचें ‘झुंझारराव’ १८९० सालीं आलें. ह्या मंडळींना कोणी संशोधक म्हणणार नाहीं. पण ज्यानें शेक्सपीअरचें एक पान तरी मराठींत उतरवून पाहिलें आहे त्याला ठाऊक आहे कीं, भाषांतर करणाराला जितकें बारकाईनें वाचावें लागतें तितकें टीपा लिहिणारालाहि लागत नाहीं. टीपाकार अवघड ओळीशीं थांबतो. भाषांतरकाराला सोपी ओळहि सोडतां येत नाहीं.

३

आतां पदवीकडे वळूं. पीएच्. डी. ही पदवी इंग्लंडची नव्हे. ती जर्मनीची, तेथून ती अमेरिकेनें उचलली. ऑक्सफर्डनें ती स्वीकारली ती १९१७ सालीं, आणि तीहि अंशतः अशासाठीं कीं, जर्मनीकडे जाणारे अमेरिकन विद्यार्थी आपल्याकडे वळावेत. केंब्रिज आणि लंडन मागून आलीं. म्हणजे ज्या इंग्रजी विद्यापीठांना आपण संशोधनाची गंगोत्री समजतों तेथें ही पदवी आपल्या मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेनंतर साठ वर्षांनीं पोंचली.

म्हणूनच आपले पहिले डॉक्टर इंग्लंडबाहेर झाले. श्रीधर व्यंकटेश केतकर यांना अमेरिकेंत कॉर्नेल येथें १९११ सालीं डॉक्टरेट मिळाली. विष्णु सीताराम सुकथनकर बर्लिनला गेले. पांडुरंग दामोदर गुणे लाइपझिगला गेले. ह्यांपैकीं कोणाचाहि विषय इंग्रजी वाङ्मय नव्हता. पण ह्या लोकांनीं परत येऊन काय केलें हें पाहण्यासारखें आहे. केतकरांनीं ज्ञानकोश रचला. सुकथनकरांनीं भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति हातीं घेतली आणि शेंकडों पोथ्यांतून पाठ ठरविण्याची रीति घालून दिली. गुण्यांनीं तौलनिक भाषाशास्त्रावर १९१८ सालीं पुस्तक लिहिलें. परदेशांतून पदवी आली, पण तिच्याबरोबर एक संवयहि आली, आणि ती संवय येथल्या सामग्रीवर खर्च झाली. फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनीं मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० सालीं पुस्तकरूपानें आला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनीं तो १९४१ सालीं मराठींत आणला. परक्यानें आपल्या भाषेकडे कसें पाहिलें हें कळण्यासाठीं आपणांस एकवीस वर्षें वाट पाहावी लागली.

मुंबई विद्यापीठाच्या इतिहासांत एक वर्ष विशेष लक्षांत ठेवण्यासारखें आहे, तें १९३८. त्या वर्षीं माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, यांना ‘छंदोरचना’ ह्या ग्रंथाबद्दल डी. लिट्. ही पदवी देण्यांत आली. पटवर्धनांनीं एम. ए. फारसी आणि इंग्रजी घेऊन केलें होतें. ते फारसीचे प्राध्यापक, आणि त्यांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश तयार केला होता. ‘छंदोरचना’ प्रथम १९२७ सालीं निघाली आणि दहा वर्षांनीं पुष्कळ वाढून पुन्हां निघाली. ह्या ग्रंथाचें मर्म असें कीं, मराठी कविता कोणत्या लयीनें चालते ह्याचा शोध घेणाऱ्या माणसाच्या कानांत संस्कृत वृत्तें होतीं, फारसी गझल होती आणि इंग्रजी पद्यहि होतें. ज्याला एकच भाषा ठाऊक आहे त्याला त्या भाषेची लय ऐकूं येत नाहीं. ती त्याला श्वासासारखी असते. दुसरी लय कानावर पडली म्हणजे पहिली प्रथमच ऐकूं येते. पटवर्धनांनीं इंग्रजीवर प्रबंध लिहिला नाहीं. पण इंग्रजी शिकल्याचा उपयोग संशोधनांत कसा करावा ह्याचें त्यांच्या ग्रंथाइतकें सुंदर उदाहरण आपल्याकडे थोडें सांपडेल. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १९४२ सालीं, शं. गो. तुळपुळे यांचा ‘यादवकालीन मराठी भाषा’ हा प्रबंध प्रसिद्ध झाला, आणि मराठीच्या संशोधनाला विद्यापीठांत मानाची जागा मिळाली. पुण्याचें डेक्कन कॉलेज १९३४ सालीं बंद पडलें होतें. तें १९३९ सालीं उघडलें तें पदव्युत्तर संशोधन-संस्था म्हणून.

ह्या सुमारास इंग्रजीच्या अभ्यासकांपैकीं दोन व्यक्तींचीं नांवें घेतलीं पाहिजेत. बा. सी. मर्ढेकर यांनीं १९३७ सालीं लंडनला ‘आर्ट्स् अँड मॅन’ हें सौंदर्यशास्त्रावरील छोटें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील विचार पुढें ‘सौंदर्य आणि साहित्य’ ह्या मराठी ग्रंथांत वाढीस लागले. कुसुमावती देशपांडे यांनीं नागपूर आणि लंडन येथें इंग्रजी वाङ्मयाचा अभ्यास केला, नागपूरला इंग्रजी शिकविलें, आणि १९५३ सालीं ‘मराठी कादंबरी : पहिलें शतक’ लिहिलें. १९६१ सालीं ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांच्याकडे आलें. तें पद भूषविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. दोघांच्याहि नांवामागें डॉक्टर हा शब्द लागला नाहीं. दोघांचेंहि काम टिकलें.

४

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठें वाढलीं. नागपूरचें १९२३ पासून होतेंच. पुण्याचें १९४९ मध्यें, मराठवाड्याचें १९५८ मध्यें, कोल्हापूरचें १९६२ मध्यें निघालें. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा १९५६ चा. इंग्रजीच्या शास्त्रीय अध्यापनासाठीं हैदराबादला १९५८ सालीं मध्यवर्ती संस्था निघाली. आतां इंग्रजींत पीएच्. डी. करणें घरच्या घरीं शक्य झालें. प्रबंध शेंकड्यांनीं झाले. त्यांतले बहुतेक ग्रंथालयांच्या कपाटांत राहिले, आणि ते तेथें कां राहिले हें सांगण्यापेक्षां जे बाहेर आले ते कां आले हें पाहणें अधिक लाभाचें आहे.

रा. भा. पाटणकर हे मुंबई विद्यापीठांत इंग्रजी विभागाचे प्रमुख होते. त्यांचा पीएच्. डी. चा प्रबंध वाङ्मयांतील संप्रेषण ह्या विषयावर होता, म्हणजे लेखकाकडून वाचकाकडे नेमकें काय जातें ह्या प्रश्नावर. प्रश्न इंग्रजी टीकाकारांनीं उपस्थित केलेला. पण पाटणकर तेथें थांबले नाहींत. कांट, क्रोचे आणि मर्ढेकर यांचा एकाच तराजूनें विचार करून त्यांनीं १९७४ सालीं ‘सौंदर्यमीमांसा’ हा ग्रंथ मराठींत लिहिला. मर्ढेकरांना कांटच्या पंगतीला बसविणें म्हणजे त्यांचा गौरव करणें नव्हे, तर त्यांची तितकीच कठोर तपासणी करणें होय. आणि ती पाटणकरांनीं केली. अशोक केळकर यांनीं इंग्रजी वाङ्मयापासून आरंभ केला, कॉर्नेलला भाषाविज्ञानांत डॉक्टरेट मिळविली, आणि डेक्कन कॉलेजांत राहून मराठींत भाषेचा आणि साहित्याचा विचार केला. त्यांच्या ‘रुजुवात’ला २०१० चें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. भालचंद्र नेमाडे यांनीं अनेक ठिकाणीं इंग्रजी शिकविलें आणि इंग्रजीचा मराठीवर काय परिणाम झाला ह्यावर इंग्रजींत ग्रंथ लिहिला. तो १९९० सालीं प्रसिद्ध झाला. मराठी वाक्याचा सांगाडा इंग्रजीच्या संसर्गानें कोठें कोठें वांकला हें त्यांनीं तपासलें. गणेश देवी यांनीं, तेहि इंग्रजीचे प्राध्यापक, ‘आफ्टर अम्नेशिया’ ह्या १९९२ च्या पुस्तकांत असा प्रश्न केला कीं, आपल्या भाषांना स्वतःची टीकापरंपरा होती तिचें आपणांस विस्मरण कां पडलें.

हीं चार माणसें मतांनीं एकमेकांपासून दूर आहेत. परंतु एक गोष्ट चौघांतहि समान आहे. प्रत्येकाच्या हातांत इंग्रजींतून आलेलें एक साधन आहे, आणि प्रत्येकाच्या समोर असा एक प्रश्न आहे कीं, जो लंडनच्या विद्यार्थ्याला पडलाच नसता. भांडारकरांनीं आणि पटवर्धनांनीं हेंच केलें होतें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. मग आमच्या विद्यार्थ्यांनीं मिल्टनवर कधीं लिहूंच नये काय? इंग्रजी शिकून सुद्धां त्यांनीं मराठीच्या कुंपणांतच चरावें काय? असें म्हणणें म्हणजे त्यांना ज्ञानाच्या पंक्तींत खालच्या पाटावर बसविणें होईल. आमचें म्हणणें तसें नाहीं. विषय कोणताहि असूं द्या. मिल्टन असला तरी हरकत नाहीं. पाहावयाचें तें इतकेंच कीं, प्रश्न उमेदवाराचा स्वतःचा आहे कीं उसना आहे. ज्या घरांत हरिपाठ म्हटला जातो, ज्या घरांत पोथी मोठ्यानें वाचली जाते, तेथें वाढलेला माणूस धार्मिक महाकाव्य वाचतांना जें ऐकेल तें ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्याला ऐकूं येईलच असें नाहीं. तें त्यानें लिहावें. पण तो जर तें बाजूला ठेवून ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यानें पन्नास वर्षांपूर्वीं लिहिलेलेंच पुन्हां लिहीत असेल, तर त्याच्या हातून टीपाच होतील, मग त्यांना प्रबंध हें नांव दिलें तरी.

५

आजची स्थिति काय आहे? २०२२ च्या नियमांप्रमाणें उमेदवाराला कमींत कमी तीन आणि सामान्यतः जास्तींत जास्त सहा वर्षें मिळतात. आरंभीं बारा ते सोळा श्रेयांकांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो. एका प्राध्यापकाला एका वेळीं आठांहून अधिक उमेदवार घेतां येत नाहींत. एम्. फिल्. ही पदवी त्याच नियमांनीं बंद झाली. प्रबंध देण्यापूर्वीं निबंध छापून आणण्याची सक्तीहि त्यांनींच उठविली, आणि हें बरें झालें. कारण त्या सक्तीनें दक्षिणा घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचें मोठें पीक आलें होतें. उचलेगिरीविरुद्ध २०१८ चे नियम आहेत; त्यांप्रमाणें दहा टक्क्यांपर्यंतचें साम्य दंडास पात्र नाहीं. यंत्र शब्दांचें साम्य मोजतें. कल्पना उसनी असली आणि शब्द बदललेले असले तर यंत्राला तें कळत नाहीं, आणि आमच्या मतें खरी चोरी तीच.

ह्याच्या उलट एक मोठी सोय झालेली आहे. देशांतील प्रबंध ‘शोधगंगा’ ह्या सार्वजनिक भांडारांत ठेवले जातात आणि कोणालाहि घरबसल्या वाचतां येतात. साधनें लंडनला आहेत ही जुनी तक्रारहि बरीच लंगडी पडली आहे; शेक्सपीअरच्या नाटकांची १६२३ ची संग्रहप्रत आज मोरिवलींत बसून पानोपान पाहतां येते. जें विल्यम वर्डस्वर्थ यांच्या विद्यार्थ्यांना स्वप्नांतहि मिळालें नसतें तें आज मुलांच्या खिशांत आहे. साधनांची उणीव संपली म्हणजे उणीव राहते ती प्रश्नाची.

आणि प्रश्न तर अंगणांत पडलेले आहेत. मोरिवलीच्या शेजारींच उल्हासनगर आहे. महायुद्धाच्या वेळची ती लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथें सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. ज्यांची मायभाषा सिंधी, शेजार मराठी, व्यापार हिंदी आणि मुलांची शाळा इंग्रजी, अशा कुटुंबांत गेल्या तीन पिढ्यांत इंग्रजीनें कोणती जागा घेतली आणि कोणत्या भाषेच्या हातून घेतली? सिंधींतून इंग्रजींत आलेल्या फाळणीच्या कथा मूळच्या कथांशीं ताडून पाहिल्या तर काय गळलेलें दिसतें? १८६७ चा कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ आणि १८९० चा देवलांचा ‘झुंझारराव’ शेजारीं शेजारीं ठेवून वाचले तर तेवीस वर्षांत मराठी बोलणें कसें बदललें हें सांगतां येईल काय? मुंबई विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतून कोणत्या कवीचें कोणतें काव्य केव्हां आलें आणि केव्हां गेलें? ह्यांतील एकाहि कामासाठीं आगबोटीनें जावें लागत नाहीं. अंबरनाथहून मुंबई सुमारें साठ किलोमीटर आहे. लोकलच्या गर्दींतला त्रास सोडला तर एशियाटिकचें आणि विद्यापीठाचें ग्रंथालय सकाळीं निघून गांठतां येतें.

राहतां राहिला घरच्या मंडळींचा प्रश्न. त्यांनीं तो अवश्य विचारावा. किंबहुना तो न विचारतां संमति देणें हा मुलीवर अन्याय होईल, कारण येथें तिच्या तारुण्याचीं पांचसहा वर्षें पणाला लागलेलीं असतात. प्राध्यापकाची जागा मिळावी म्हणून पदवी घ्यावयाची असेल तर तसें स्पष्ट म्हणावें. पोटासाठीं विद्या करण्यांत लाज नाहीं, आणि आमच्यापैकीं बहुतेकांनीं तीच केली आहे. परंतु मग एवढें तरी पाहावें कीं, त्या पांचसहा वर्षांत निदान एक गोष्ट अशी हातून व्हावी कीं जी त्यापूर्वीं कोणी नीट वाचलेली नव्हती. सबंध शिलालेख नको. एक अंक पुरे. तो अंक मार्गदर्शकाच्या वाचनाहून निराळा निघाला, तर शिष्यानें तें निर्भयपणें सांगावें आणि गुरूनें तें आनंदानें ऐकावें. ज्या विभागांत हें घडूं शकतें तेथें मुलीला खुशाल पाठवावें. जेथें हें घडूं शकत नाहीं तेथें पदवी मिळेल, पण पाठविण्यापूर्वीं दोनदां विचार करावा.